फ्रिजमधलं सरबत, काउंटरवरची पुडी

वाई

चि. निनाद यास,


तुझ्या मेडिकलचे फोटो दादाने पाठवले. रॅक छान लागलेत, लायसन्स फ्रेम करून भिंतीवर लावलंस हेही बरं केलंस. एक गोष्ट मात्र खटकली. फोनवर सांगितलं तर तू 'हो आत्या, हो आत्या' म्हणशील आणि एमआर आला की फोन ठेवशील, म्हणून लिहायला बसले. दारातून आत शिरताच समोर काचेचा फ्रिज आहे, त्यात संत्रं-सफरचंदाचे टेट्रापॅक ओळीने मांडलेत आणि वर हाताने लिहिलेला कागद चिकटवलाय: 'जुलाब, उन्हाळी, अशक्तपणा यावर गुणकारी पेय मिळेल.' पॅक राहू देत. कागद आज काढ.

सरबत विकू नकोस असं मी म्हणत नाही. उन्हाळा तोंडावर आलाय, एमआयडीसीतून सुटणारी पोरं तहानेली येणार, त्यांना गार काही मिळालं तर तुझाही गल्ला भरेल. आम्हीही दुकानात कोकमाच्या बाटल्या ठेवायचो. पण सरबत पिणारा आपल्या जिभेचं ऐकतो. एक ग्लास प्यायचा की तीन, हे त्याचं त्याने ठरवायचं. उरलं तर ओतून द्यायचं. औषधाचं माप घेणाऱ्याच्या जिभेने ठरत नाही. ते आधी कोणीतरी ठरवलेलं असतं, आणि चुकलं तर जाब विचारायची सोय असते.

जुलाबाच्या बाबतीत हे सगळ्यात नीट कळतं, कारण तिथे दोन्हीकडचा माल जवळजवळ एकच, मीठ आणि साखर. जागतिक आरोग्य संघटनेच्या ओआरएसमध्ये लिटरभर पाण्याला २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असतं. कॉलेजात तू हे पाठ केलं असशील. आता तुझ्या फ्रिजमधला एक पॅक उलटा करून मागचा बारीक छापा वाच. बाजारातल्या बहुतेक गोड पेयांत लिटरमागे शंभर ग्रॅमच्या आसपास साखर असते, आणि मीठ नावापुरतं.

एवढ्याने काय होतं, हे गिऱ्हाइकाला सांगता आलं पाहिजे. आतड्याच्या पेशींची सोडियम आत घ्यायची एक वाट अशी आहे, की तिथे त्याच्याबरोबर ग्लुकोज असावं लागतं. दोघं जोडीने आत गेले की पाणी त्यांच्यामागे जातं. पटकीतसुद्धा ही वाट शाबूत राहते, म्हणून तर तोंडाने दिलेलं पाणी अंगी लागतं. साखर वारेमाप झाली की ती आतड्यातच पडून राहते आणि अंगातलं पाणी उलट आपल्याकडे ओढते. मग आधीच पातळ होणाऱ्या पोराचे जुलाब वाढतात. आई बिचारी म्हणते, 'डबा तर दिला होता.'

ही गोष्ट प्रयोगशाळेतून माणसांपर्यंत कशी आली, तेही ठाऊक असू दे. १९७१ साली पूर्व बंगालातून निर्वासितांचे लोंढे आले आणि सीमेजवळच्या बनगावच्या रुग्णालयात पटकीचे रोगी जमिनीवर दाटीवाटीने पडले. डॉ. दिलीप महालनबीस तिथे होते. शिरेतून द्यायचं सलाईन पुरेना. तेव्हा त्यांच्या पथकाने मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा मोजून पुड्या बांधल्या, पाण्यात कालवून तोटीच्या ड्रममध्ये भरल्या आणि रोग्यांच्या नातेवाइकांनाच सांगितलं, पाजत राहा. आधी तीस टक्क्यांच्या घरात असलेलं मृत्यूचं प्रमाण ३.६ टक्क्यांवर आलं. पाजणारी माणसं अडाणी होती, पण मोजणारी नव्हती. महालनबीसांना पद्मविभूषण मिळालं २०२३ साली, तेही मरणोत्तर. आपल्याकडे साध्या पुडीची कदर व्हायला एवढा वेळ लागतो. आणि आपली माणसं अजूनही दवाखान्यात जाऊन म्हणतात, 'डॉक्टर, सलाईन लावा म्हणजे बरं वाटेल.'

याच पुडीचं नाव मग सरबतवाल्यांनी उचललं. गोड पेयांच्या खोक्यांवर ठळक अक्षरांत 'ओआरएस' आणि कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत 'हे डब्ल्यूएचओच्या सूत्राप्रमाणे नाही', असा प्रकार कित्येक वर्षं चालला. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष याविरुद्ध एकट्याने भांडत राहिल्या. शेवटी ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, आदेश काढला, की खाद्यपेयाच्या नावात ओआरएस हा शब्द कुठल्याही रूपात वापरायचा नाही. नाव गेलं, पण सवय गेली नाही. बायका अजून येऊन म्हणतात, 'ते संत्र्याच्या चवीचं ओआरएस द्या, पोरगं तेच पितं.' काउंटरवरचा पोऱ्या न विचारता फ्रिज उघडतो. हा पोऱ्या आधी शिकव.

त्याला ओळखायची खूण दे. पाठीमागे एफएसएसएआयचा शिक्का आणि चौदा आकडी नंबर असेल तर ते अन्न, मग समोर काहीही लिहिलेलं असो. पुडीवर 'आय.पी.' आणि औषधनिर्मितीचा परवाना क्रमांक असेल तर ते औषध. एवढं बघायला पाच सेकंद लागत नाहीत.

पुडी दिलीस म्हणजे काम झालं, असंही समजू नकोस. लिटरची पुडी आणि २०० मिलीची पुडी एकाच खोक्यात कधी ठेवू नकोस. लिटरची पुडी पेलाभर पाण्यात कालवली तर तान्ह्याच्या रक्तात मीठ इतकं वाढतं की झटके येतात. थोडी आत्ता, थोडी रात्री, अशी पुडी फोडून वापरायची नाही; पूर्ण पुडी पूर्ण पाण्यात, आणि चोवीस तासांत संपली नाही तर फेकून द्यायची. चव लागावी म्हणून वर साखर घालायची नाही. दुधात तर मुळीच कालवायची नाही. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, चमच्या-चमच्याने. ओकलं तर दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा, आणखी सावकाश. अंगावरचं दूध चालू ठेवायचं. डॉक्टरांनी झिंक दिलं असेल तर जुलाब थांबले तरी चौदा दिवस पुरे करायचे.

आणि एक सांगायला विसरू नकोस, की याने जुलाब थांबत नाहीत. जाणारं पाणी भरून निघतं, एवढंच. हे आधी सांगितलं नाहीस तर संध्याकाळी तीच बाई येऊन म्हणेल, 'काही फरक नाही, बंद व्हायची गोळी द्या.' लहान मुलाला ती गोळी द्यायची नाही, कितीही गळ घातली तरी. पोर कडेवर असेल तर जरा पुढे वाकून बघ. डोळे खोल गेलेत का, रडताना पाणी येतंय का, मान टाकलीय का, लघवी कधी झाली होती? शौचात रक्त असेल किंवा पाजलेलं सगळंच उलटत असेल तर दुकानात वेळ काढू नकोस, सरळ दवाखान्यात धाड.

पुडी परवडत नाही म्हणणारा येतो. त्याला रिकामं पाठवू नकोस. लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, हे चिठ्ठीवर लिहून दे. भाताची मीठ घातलेली पेजही चालते. तुझ्या लक्षात आलं असेल, हेसुद्धा दिसायला सरबतच. पण मोजलेलं.

टॉनिकच्या बाटल्यांबद्दल थोडक्यात. 'काहीतरी ताकदीचं द्या' म्हणून रोज कोणीतरी येणार, आणि स्कीमचा माल तुझ्या हाताशीच असणार. पूर्वी इंग्लंडात गोड, अंगात तरतरी आणणाऱ्या पेयांना कॉर्डियल म्हणत, आणि त्याच नावाखाली 'गॉडफ्रेज कॉर्डियल' नावाची बाटली घरोघर गेली. काकवीत अफू होती. गिरणीत जाणाऱ्या आया मूल निजावं म्हणून चमचाभर पाजायच्या. प्रत्येक दुकानदाराची अफू कमीजास्त, त्यात ती तळाशी बसायची, म्हणजे बाटलीचा शेवटचा चमचा सगळ्यात जहाल. कित्येक मुलं निजली ती उठलीच नाहीत. गोड चवीमुळे कुणाला ते औषध वाटलंच नाही, आणि मापाचा विचारही कुणी केला नाही. तुझ्या रॅकवरच्या बाटल्यांत अफू नाही, हे मला कळतं. पण थकवा आलेल्या माणसाला टॉनिक देऊन वाटेला लावलंस, आणि त्याला मधुमेह किंवा क्षय निघाला, तर त्या बाटलीने त्याचे महिने खाल्ले असं होईल. सारखा थकवा, वजन उतरतंय, सांजेचा ताप, असं काही कानावर आलं की बाटली परत रॅकवर ठेव.

आता त्या कागदाबद्दल. १९४० च्या औषध कायद्यात औषधाची व्याख्या बघ. वस्तू कशाची आहे यापेक्षा ती कशासाठी वापरायची म्हणून दिली जाते, यावर सगळा भर आहे. रोग बरा करायला, कमी करायला किंवा टाळायला म्हणून दिलीस की प्रश्न औषधाचा झाला. आणि अन्नाच्या कायद्यात खाण्यापिण्याच्या वस्तूने रोग बरा होतो असं लिहायला मनाई आहे. तू चिकटपट्टीने लावलेल्या एका कागदाने दोन्हीकडून सापडतोस. आपल्याकडे अन्न आणि औषध प्रशासन एकच आहे, तेव्हा इन्स्पेक्टरला दुसऱ्या खात्यात जायचीही गरज नाही! पण इन्स्पेक्टर वर्षातून एखादे वेळी येईल. शेजारच्या वस्तीतली बाई रोज येईल, आणि ती बोर्डावरचं 'मेडिकल' वाचून येते. तिच्या लेखी तुझ्या हातून मिळालेलं सगळंच औषध. फ्रिजमधलं पाणीसुद्धा.

तेव्हा फ्रिज दारापाशी सरकव, बिस्किटांच्या बाजूला. ओआरएसचं खोकं काउंटरवर हाताशी ठेव, लिटरचं डावीकडे, छोटं उजवीकडे. मार्जिन पुडीत कमी आहे, ठाऊक आहे मला. जूनमध्ये पाणी गढूळ यायला लागलं की तीच पुडी सगळ्यात जास्त उठेल. मे संपायच्या आत माल भरून ठेव, एक्सपायरी बघून.

वहिनीला सांग, आंब्याची पेटी मिळाली. पोऱ्याला पगार वेळेवर दे.

तुझी
आत्या