आरोग्य हाही प्रसादच



बाराव्या शतकात महात्मा बसवेश्वरांनी देहालाच देवालय म्हटले. धडधाकट माणसाला हा विचार गोड वाटतो, परंतु घरात कर्करोगाने किंवा पक्षाघाताने कोणी अंथरुणाला खिळले, की मन विचारते, "मग हे देवालय का ढासळले?" अशा वेळी त्या रुग्णाच्या पूर्वकर्माचा हिशेब मांडू नये. भिंती खचल्या तरी गाभाऱ्यातील लिंग तेथेच असते.

दुसरा प्रश्न अधिक सूक्ष्म आहे. भाऊ दवाखान्यात असताना "शिवा, मला तू ठणठणीत ठेवलेस" असे म्हणावे काय? "मी वाचलो" एवढाच त्याचा अर्थ असेल, तर ती कृतज्ञता नव्हे, सुटकेचा निःश्वास होय. अष्टावरणांत प्रसादाला स्थान आहे. प्रसाद आपल्या कमाईचा नसतो आणि तो एकट्याने खायचाही नसतो. आपले आरोग्य, घरची माणसे, रात्री-अपरात्री धावून येणारे मित्र, हे सारे प्रसादरूपच आहे. तो वाटणे म्हणजे दासोह.

म्हणून आपले धड पाय औषध आणण्यासाठी झिजवा. रात्री रुग्णाच्या उशाशी बसा. जागून थकलेल्या वहिनीला दोन घटका झोपू द्या. इष्टलिंग धरताना रुग्णाचा तळहात कापत असेल, तर त्याखाली आपला हात धरा. एकच पूजा दोघांची होईल. आभार शब्दांनी फिटत नाहीत. कायकानेच ते लिंगार्पित होतात.