मूळपुरुषाचा हट्ट

वंशावळ मांडायची तर वर एक मूळपुरुष हवा, आणि त्याचे एक मूळ गावही हवे. माणसाच्या उत्पत्तीकडेही आपण याच हट्टाने पाहतो. पहिला माणूस कुठे जन्मला, हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. त्याला कारण मोरोक्कोतले जेबेल इरहूद.

१९६१ मध्ये तिथल्या बराइटच्या खाणीत मजुरांना एक कवटी सापडली. ती निअँडरथलची असावी, वय चाळीस हजार वर्षे असावे, असा तेव्हाचा अंदाज. पुढे झाँ-जाक उब्लँ आणि अब्देलवाहेद बेन-नसेर यांच्या चमूने २००४ पासून नव्याने उत्खनन केले. किमान पाच जणांचे अवशेष हाती आले. सोबत गझेल हरणांची हाडे आणि चकमकीच्या दगडाची हत्यारे होती.

वय सांगितले ते या हत्यारांनी. वापरून टाकलेली हत्यारे जमिनीत पडली होती आणि नंतर कुणीतरी नेमका त्यांच्यावरच जाळ केला. दगड चांगला तापला की त्यात किरणोत्सारामुळे साठलेली ऊर्जा निघून जाते आणि साठवण शून्यापासून पुन्हा सुरू होते. प्रयोगशाळेत तोच दगड पुन्हा तापवला की मंद प्रकाश देतो. त्या प्रकाशावरून मधली वर्षे काढता येतात. २०१७ मध्ये उत्तर जाहीर झाले: सुमारे ३,१५,००० वर्षे. कुणाच्या तरी जेवणासाठी पेटलेल्या त्या विस्तवाने आपल्या इतिहासाची तारीख जपून ठेवली, याचे मला फार अप्रूप वाटते.

या माणसांचा चेहरा जवळजवळ आपलाच. कवटी मात्र लांबट आणि बसकी. आपल्या डोक्याची गोलाई फार नंतरची. म्हणून काही संशोधक त्यांना आपल्या प्रजातीत धरत नाहीत. पण रेघ ओढायची कुठे? आई एका प्रजातीची आणि लेकरू दुसरीचे, असे कुठल्याच पिढीत घडलेले नाही.

दक्षिण आफ्रिकेतली फ्लोरिसबाडची कवटी सुमारे २,६०,००० वर्षांची, इथिओपियातली ओमो किबिशची किमान २,३०,००० च्या आसपासची. तिन्ही ठिकाणे एकमेकांपासून हजारो किलोमीटर दूर. पण सहारा कायमच वाळवंट नव्हता. पाऊसमान वाढले की तिथे गवत आणि तळी असत, वाटा मोकळ्या होत. टोळ्या दुरावल्या, पुन्हा भेटल्या, त्यांच्यात संतती झाली. आपण घडलो ते या सरमिसळीतून.

तेव्हा मुलांना माणसाचे जन्मस्थान दाखवताना नकाशावर एकच टिंब देऊ नका. सगळी आफ्रिका रंगवा.