दोष कोठे शोधावा?

एखादे काम बिघडले म्हणजे दोषाचा शोध कोठून सुरू करावा, हा प्रश्न वरवर कारागिराचा वाटतो. वस्तुतः तो नीतीचा आहे. हे मला अलीकडे एका दुर्बिणीने शिकविले.

मोबाइलमधील ॲपवर चालणारी ही नवी दुर्बीण बदलीच्या सामानाबरोबर पुण्याहून दिल्लीस आली. तिला डोळा लावावयाचा नसतो. ग्रहताऱ्याचे नाव निवडले की ती आपण होऊन तिकडे वळते आणि त्याचे चित्र मोबाइलवर उमटविते. कस्तुरबा गांधी मार्गावरील एका गच्चीवर ती मांडून मी चंद्र निवडला. आकाशात चंद्र लख्ख दिसत होता. दुर्बीण मात्र भलतीकडे वळून काळा पडदा दाखवीत राहिली. मी तिवई समतल केली, भिंग पुसले, ॲप बंद करून पुन्हा उघडले, दिल्लीच्या धुरकट हवेला बोल लावला. अखेर विक्रेत्यास तक्रारीचे कडक पत्र लिहावयास बसलो.

पत्रावर माझा पत्ता घालताना चूक उमगली. स्थळ आणि वेळ यांवरून गणित करून ही दुर्बीण चंद्राची दिशा ठरविते. पुण्यात तेथील स्थान मी नोंदविले होते. दिल्लीत ॲपने मोबाइलवरून नवे स्थान घेण्याची परवानगी मागितली, तेव्हा ती मीच नाकारली होती. पुण्याचा अक्षांश सुमारे साडेअठरा, दिल्लीचा साडेअठ्ठावीस. दुर्बिणीच्या लेखी आम्ही अजून पुण्यातच होतो! दहा अंश म्हणजे वीस चंद्रबिंबे ओळीने मांडावीत एवढे अंतर, आणि तिच्या नजरेत एका वेळी जेमतेम दोन-तीन बिंबांएवढेच आकाश मावते. परवानगी देताच चंद्र पडद्यावर आला.

येथून चालत जाण्याच्या अंतरावर जंतरमंतर आहे. तेथील सम्राट यंत्राची तिरकी कड दिल्लीच्या अक्षांशाइतक्याच कोनात चढत जाते. आपण कोठे उभे आहोत, हे त्या यंत्राच्या अंगातच बांधलेले आहे. सवाई जयसिंगाने १७२४ च्या सुमारास ही वेधशाळा उभारली. त्याआधी पितळी यंत्रांनी त्याचे समाधान झाले नव्हते. ती आकाराने लहान, त्यांचे आस झिजणारे, केंद्रे सरकणारी, अशी कारणे ‘झीज-ए-मुहम्मदशाही’च्या प्रस्तावनेत नमूद आहेत. म्हणून त्याने दगडचुन्याची प्रचंड यंत्रे बांधली. साधने अशी पारखून घेतल्यावर पुढे युरोपातील ला हीर याची कोष्टके हाती आली, तेव्हा चंद्राच्या स्थानात अर्ध्या अंशाचा फरक पडतो, असे तो सांगू शकला. दुसऱ्याची चूक दाखविण्याचा अधिकार त्याने आधी कष्टाने मिळविला होता. शोधाचा आरंभ स्वतःपासून केला म्हणजे शेवटही तेथेच होतो, असे नाही.

कोणी म्हणेल, आपला ठावठिकाणा हरएक ॲपला का सांगावा? आक्षेप रास्त आहे. परवानगी नाकारणे हा माझा अपराध नव्हता. नाकारल्याचे विसरून यंत्राला जबाबदार धरणे, हा होता.

सरकारी नोकरीत हे विस्मरण अधिक महाग पडते, आणि त्याची किंमत दुसराच कोणी देतो. बदलून आलेला अधिकारी जुन्या जिल्ह्याची मापे मनात घेऊन येतो. ती नव्या ठिकाणी जुळली नाहीत की तेथील लोक आळशी आणि कारकून अडाणी ठरतात. दुर्बीण निदान काळा पडदा तरी दाखविते. मन अशा वेळी तयार चित्र पुढे करते, आणि आपण त्यालाच अनुभव म्हणतो. हाताखालच्या माणसास उलट बोलता येत नाही. त्याच्याविषयीचा शेरा मात्र अहवालात कायम राहतो.

असे शेरे माझ्या हातूनही गेले आहेत. त्यांतील किती जिल्हा बदलल्याचे ध्यानात न घेता लिहिले, हे आज सांगता येत नाही. विक्रेत्यास लिहिलेले पत्र मी त्या रात्रीच फाडून टाकले. ते शेरे आता माझ्या हाती नाहीत.