देव विटेवर, घरधनीण खाटेवर

ज्येष्ठ लागला की वारकऱ्याच्या घरी पताका निघते, टाळाची दोरी तपासली जाते, जोत्यावर बसून दिंडीच्या वाटेची गोष्ट निघते. आणि अशाच दिवसांत एखाद्या पहाटे न्हाणीत पाय सटकतो. आवाज होतो, मग "अहो" एवढीच हाक येते. चाळीस वर्षे जिने शिदोरी बांधून दिली ती ओल्या फरशीवर पडलेली असते. माणूस धावतो, बखोट्याला धरून तिला उभी करू पाहतो. प्रेमापोटीच करतो, पण इथेच थांबावे.

खुब्याचे हाड मोडले असेल तर तो पाय बहुधा आखूड दिसतो, पाऊल बाहेर वळते, वजन देववत नाही. तिला उभी करू नये, पाय ओढू नये, तेल लावून चोळू नये. आहे तिथेच पांघरूण घालावे, १०८ ला फोन लावावा. महाराष्ट्रात २०१४ पासून ही गाडी फुकट येते. शस्त्रक्रिया लागेल म्हणून डॉक्टरांनी सांगेपर्यंत चहापाणीही देऊ नये. डोके आपटले असेल, त्यातून रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील, तर "आता बरं वाटतंय" या बोलण्यावर विसंबू नये. उलटी, गुंगी, असंबद्ध बोलणे ही लक्षणे तासांनी, कधी दिवसांनीही दिसतात. हाडवैद्याकडे नेऊन लेप बांधणारे अजून आहेत. त्यांना आम्ही हात जोडून सांगतो, खुब्याला लेप पुरत नाही. म्हातारे माणूस आठवडेच्या आठवडे आडवे पडले की छातीत कफ धरतो, पायात रक्ताच्या गाठी होतात, पाठ सडते. म्हणून शक्य तर एक-दोन दिवसांत शस्त्रक्रिया करून लवकर उठवून बसवतात.

आता खरा पेच. एका माळकऱ्याने आम्हांस विचारले, "महाराज, बत्तीस वर्षं वारी चुकली नाही. मंडळी म्हणते, तुम्ही जा, सून बघेल माझं. जाऊ का?"

आम्ही म्हणतो, ती जा म्हणते ते तिच्या तोंडचे आहे. तिचे मन काय म्हणते ते रात्री दोन वाजता कळते, जेव्हा भांडे लागते आणि सुनेला हाक मारायला तिची जीभ रेटत नाही. नवऱ्यापाशी जी लाज नसते ती सुनेपाशी असते. तेवढ्यासाठी तरी राहावे.

कोणी म्हणेल, पुंडलिकाने सेवा केली ती आईबापांची, बायकोची कुठे? बरे. मग भंडाऱ्याची कथा आठवा. तुकोबांची भाकरी घेऊन जिजाई डोंगर चढत होती, तोंडाने विठ्ठलाला बोल लावीत होती, आणि पायात काटा मोडला. तो काढायला कोण आले, हे कीर्तनात तुम्ही किती वेळा ऐकले आहे! पांडुरंगाने त्या बाईचे पाऊल हातात घेतले, शिव्या ऐकत घेतले. देवाला कमीपणा वाटला नाही, आणि आपल्याला बायकोचे पाय चेपताना दार लोटून घ्यावेसे वाटते!

आणखी एक बोलून टाकतो. नवरा पडला तर वारकरीण बाई घरी राहते. कुणाला विचारत नाही. तिचा टाळ खुंटीला लागतो आणि त्याची कुठे चर्चाही होत नाही. पुरुष राहिला की मात्र गावभर त्याग होतो.

सेवा म्हणजे काय? उठता येत नाही तोवर दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची. पाठीवर, टाचेवर लाली दिसते का पाहायचे. न्हाणीत धरायला दांडी, रात्री दिवा, फरशी कोरडी. व्यायाम सांगितला असेल तर वेदना होत असतानाही गोड बोलून करून घ्यायचा. पहिले आठ दिवस उत्साह असतो, तिसऱ्या आठवड्यात चिडचिड येते. ती रडते, "तुमची वारी मी बुडवली" म्हणते. तेव्हा उपदेश करू नये. जवळ बसावे. आपणही थकतो, म्हणून दुपारी दोन तास मुलाकडे सोपवून झोप घ्यावी. त्यात पाप नाही.

पताका दिंडीतल्या दुसऱ्याच्या खांद्यावर द्यावी, तो कळसाला हात जोडील तेव्हा दोघांच्या नावाने जोडील. संध्याकाळी तिच्या उशाशी हरिपाठ म्हणावा. तिला मध्येच झोप लागली तर आवाज लहान करावा, बंद करू नये.

एकादशीला ती उपासाचा हट्ट धरील. हाड भरायला अन्न लागते आणि गोळ्या रिकाम्या पोटी चालत नाहीत. दूध-भाकरी कुस्करून द्यावी. "याचं पाप कुणाच्या माथी?" असे तिने विचारले, तर आमच्या माथी म्हणून सांगावे.