जिभेला लगाम की उंबरठा?

अपकाराचे साधन काढून घेतले म्हणजे अपकार थांबतो काय? नीतिशास्त्रातील हा जुना प्रश्न आज एका अनपेक्षित ठिकाणी नव्याने उभा राहिला आहे. ते ठिकाण म्हणजे तरुणांचे ऑनलाइन खेळ. एकमेकांना कधीही न पाहिलेली माणसे या खेळांत एका संघात येतात आणि खेळता खेळता परस्परांना संदेश पाठवितात. डाव जिंकण्यासाठी असे बोलणे पुष्कळदा आवश्यकच असते. परंतु त्याच वाटेने शिव्या, वंशावरून टोमणे आणि स्त्रियांविषयीचे अश्लील उद्गारही येतात. ही वाट सुधारावी कशी, हा प्रश्न म्हणूनच केवळ तंत्रज्ञांचा उरत नाही. तो वाणीच्या नीतीचा प्रश्न होतो.

पहिला उपाय सुचतो तो शब्दच काढून घेण्याचा. २०१२ साली आलेल्या ‘जर्नी’ या खेळात वाळवंटातून डोंगराकडे निघालेल्या दोन अनोळखी वाटसरूंना भाषाच दिलेली नाही. एक सूर तेवढा काढता येतो. सोबत्याचे नावदेखील खेळ संपल्यावरच कळते. या मूक सोबतीने अनेकांचे अंतःकरण हेलावले. पण खेळाचे निर्माते जेनोव्हा चेन यांनी सांगितलेली हकीकत विचार करायला लावणारी आहे. आरंभीच्या चाचण्यांत वाटसरूंना एकमेकांना ढकलता येत असे. तेव्हा साहाय्य करण्याऐवजी खेळाडू सोबत्याला संकटात लोटण्यातच रमू लागले. अखेर ढकलण्याची शक्तीही काढून घ्यावी लागली. शब्द नव्हते, तरी धक्का होताच.

दुसरा उपाय म्हणजे केवळ सभ्य शब्दच हाती देणे. २०१४ सालच्या ‘हार्थस्टोन’ या पत्त्यांच्या खेळात प्रतिपक्षाशी बोलण्यासाठी ठरावीक पाच-सहा उद्गार होते : अभिवादन, आभार, ‘छान खेळलात’, ‘क्षमा करा’ इत्यादी. शिवी देण्याची सोयच नव्हती. तरीही समोरच्याची चूक झाली की नेमके त्याच क्षणी ‘छान खेळलात’ असे म्हणण्याची रीत पडली. ‘क्षमा करा’ हा उद्गार तर इतका उपहासाचा झाला, की २०१६ साली तो काढून त्याच्या जागी आश्चर्याचा उद्गार ठेवण्यात आला. ख्रिस्ती वाचकाला याचे नवल वाटू नये. काट्यांचा मुकुट घातलेल्या प्रभूपुढे शिपायांनी गुडघे टेकले, तेव्हा त्यांच्याही तोंडी आदराचेच शब्द होते. यंत्राला शब्द गाळता येतात, हेतू गाळता येत नाही.

मग वाट पूर्णपणे बंद करणे हेच श्रेयस्कर नव्हे काय? येथे नॉर्वेतील मॅट्स स्टीन या तरुणाचे स्मरण करावे लागते. स्नायू क्षीण करणाऱ्या असाध्य आजाराने तो २०१४ साली, वयाच्या २५व्या वर्षी वारला. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या खेळात तासन्‌तास घालविणाऱ्या आपल्या मुलाला मित्र लाभले नाहीत, या दुःखात त्याचे आईवडील होते. मृत्यूची वार्ता त्यांनी कळविताच युरोपातील ठिकठिकाणच्या लोकांची पत्रे येऊ लागली. काहीजण अंत्यविधीलाही आले. खेळातील संभाषणांतून त्याने किती जणांना धीर दिला होता, हे घरच्यांना तेव्हा समजले. एका तरुणीचा संगणक तिच्या आईवडिलांनी काढून घेतला, तेव्हा त्याने त्यांना समजुतीचे पत्र लिहिले होते. २०२४ साली त्याच्या जीवनावरील माहितीपट प्रसिद्ध झाला, तोही बराचसा या जपून ठेवलेल्या संभाषणांवर उभा आहे. उपद्रव टाळण्यासाठी ती वाट बंद असती, तर हे सांत्वन कोणत्या मार्गाने गेले असते?

बंदी आणि मोकळीक यांच्यामध्ये तिसरी गोष्ट असू शकते. तिला आपण उंबरठा म्हणू. ‘लीग ऑफ लेजंड्स’ या खेळाच्या कंपनीने एकदा एक साधा प्रयोग केला. प्रतिपक्षाशी बोलण्याचा मार्ग आरंभी बंद ठेवला. ज्याला बोलायचे असेल त्याने तो स्वतः उघडावा. कोणाचेही तोंड बांधले नव्हते. तरीही दुखावणारे बोलणे सुमारे एकतृतीयांशाने घटले आणि चांगले बोलणे जवळजवळ तितकेच वाढले. याच कंपनीच्या अभ्यासकांना आणखी एक गोष्ट आढळली. सतत विखारी वागणारे खेळाडू शंभरात एखादाच होते आणि एकंदर विखारातील त्यांचा वाटा विसावा हिस्सा इतकाच होता. उरलेला बहुतेक विखार सर्वसाधारण माणसांचा होता, ज्यांचा तो दिवस वाईट गेला होता.

या निष्कर्षाने आपली झोप उडाली पाहिजे. दुष्ट माणसे थोडी असतात आणि त्यांना वेगळे काढले की जग निर्मळ होते, या समजुतीवर आपण निर्धास्त असतो. वास्तविक जखमा करणारे बहुधा आपल्यासारखेच असतात. थकलेला विद्यार्थी, साहेबाची बोलणी खाऊन आलेला कारकून किंवा घरी रुसून बसलेला मुलगा. त्यांच्याजवळ द्वेष नसतो. विचार आणि उच्चार यांच्यामध्ये क्षणभराचे अंतर मात्र नसते. उंबरठा तेवढे अंतर देतो. ‘मी आता बोलणार आहे’ हे त्यांना स्वतःला ठरवावे लागते आणि जेथे ठरवावे लागते तेथेच नीतीला आरंभ होतो.

अर्थात उंबरठा हे सर्व दुखण्यांवरचे औषध नव्हे. त्याच कंपनीने ऑक्टोबर २०२१ मध्ये प्रतिपक्षाशी बोलण्याचा मार्ग काही काळ बंदच केला. मुरलेल्यांना दंड हवा, तक्रारीची दखल हवी आणि ऐकणाऱ्याला नको असलेला आवाज बंद करण्याचा अधिकार हवा. जखमीनेच सहनशील व्हावे, हा उपदेश अन्यायाचा आहे. परंतु हे सारे कुंपण आहे. कुंपणाने पीक राखले जाते, उगवत नाही.

पालकांनीही याचा विचार करावा. मुलाच्या हातातील खेळ काढून घेणे सोपे आहे. तो तेथे कोणाशी आणि कसा बोलतो हे आस्थेने विचारणे कठीण आहे. आणि ज्या घरात मोठी माणसेच रागाच्या भरात बोलण्यापूर्वी क्षणभर थांबत नाहीत, तेथील मुलाने अनोळखी खेळाडूशी जपून बोलावे, ही अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करावी?