गाळलेले विशेषण

व्याकरणाच्या तासाला मी मुलांना सांगतो, वाक्यातून विशेषण गाळले तरी वाक्य मोडत नाही. अर्थ मात्र हलतो. कायद्याच्या वाक्याचेही तसेच असते, हे डिसेंबर २०२३ मध्ये झालेला टपालाचा नवा कायदा वाचताना मला जाणवले.

१८९८ च्या जुन्या कायद्याने सरकारला टपाल अडविण्याचा अधिकार दिला होता, तो ‘सार्वजनिक आणीबाणी’ उद्‌भवली किंवा सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न आला, तर. नव्या कायद्याच्या नवव्या कलमात नुसती ‘आणीबाणी’ उरली आहे. त्याच महिन्यात संमत झालेल्या दूरसंचार कायद्यात मात्र ‘सार्वजनिक’ शब्द जागच्या जागी आहे! म्हणजे फोनला एक न्याय आणि पाकिटाला दुसरा.

एवढ्याशा शब्दाचे काय, असे कोणी म्हणेल. पण १९९६ साली, फोन चोरून ऐकण्यासंबंधीच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने तार कायद्यातल्या याच शब्दांवर बोट ठेवले होते. सार्वजनिक आणीबाणी ही गुप्त गोष्ट नव्हे; कुणाही समंजस माणसाला ती दिसली पाहिजे. पंचगंगेला पूर आला की कोल्हापुरात तो कुणाला सांगावा लागत नाही, तशी. याच आधारावर मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये एका व्यापाऱ्याचा फोन ऐकण्याचे तीन हुकूम रद्द केले आणि ध्वनिमुद्रणे नष्ट करायला लावली. नुसती आणीबाणी मात्र एखाद्या साहेबाच्या टेबलावरही उद्‌भवू शकते.

जुना कायदा फार सोवळा होता, असे नव्हे. आणीबाणीविषयी शंका आलीच, तर सरकारचा दाखला निर्णायक, असे त्यात लिहिले होते. १९८६ मध्ये तो आणखी सैल करणारे विधेयक दोन्ही सभागृहांत संमत झाले. राष्ट्रपती झैलसिंग यांनी सही केली नाही, म्हणून ते राहिले.

आमच्या शिक्षकांच्या खोलीत एक प्रश्न हमखास निघतो : ज्याने काही केले नाही, त्याने कशाला भ्यावे? आमचा जिल्हा फौजेत माणसे पाठविणारा. शिरोळ तालुक्यातल्या एका गावाचे नावच सैनिक टाकळी. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवरून हिंदी शिपायांची पत्रे लष्करी तपासनीस वाचीत. हे कळल्यावर पत्रांत काळी मिरी आणि लाल मिरची आली : काळी म्हणजे आपले शिपाई, लाल म्हणजे गोरे. यात अपराध कोणता? तिसरा वाचक आहे म्हटल्यावर माणूस घरच्यांनाही मोकळे लिहीत नाही. कादंबरीकार म्हणून परक्याच्या मनात डोकावण्याची चटक मलाही आहे. पण माझी माणसे कागदाची असतात.

मग घातपात करणाऱ्याचे टपाल उघडू नये काय? जरूर उघडावे. उघडणाऱ्याला कारण लिहावे लागावे आणि ते दुसऱ्या कुणी तपासावे, एवढेच. फोनसाठी तशी आढावा समिती आहे. टपालाच्या कायद्यात तिचे नावही नाही. आता पत्रे कोण लिहितो, हे खरे. पण वकिलाच्या नोटिसा, दवाखान्याचे अहवाल, मुलीच्या घटस्फोटाचे कागद अजून पोस्टानेच येतात, आणि परदेशच्या लेकरांसाठी फराळाचे डबेही पोस्टानेच जातात.