घराची इशारा पातळी

जुलै लागला की कोल्हापुरात माणूस भेटल्यावर पहिला प्रश्न येतो तो 'पाणी किती फुटांवर?' राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी, ४३ फुटांवर धोका पातळी. हे आकडे इथं शाळकरी पोरांनाही पाठ असतात. रिक्षात, तालमीत, भाजीवालीच्या पाटीभोवती ताजा आकडा फिरत असतो. नदीबद्दल एवढं जाणणारं गाव पुरासाठी सदैव तयार असायला हवं. पण २०१९च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, तेव्हा हेच जाणते लोक माळ्यावर आणि गच्चीवर अडकून बोटींची वाट बघत होते. आकडा सगळ्यांना ठाऊक होता. त्या आकड्याला आपण उठायचं की बसायचं, हे बहुतेक घरांत ठरलेलं नव्हतं.

आमच्या गल्लीत त्या दिवसांत जो तो म्हणत होता, '२००५ला इथवर आलं नव्हतं.' २००५च्या पुराची रेघ लोकांनी भिंतींवर जपून ठेवली होती आणि नदीही ती रेघ पाळेल, अशी सगळ्यांची खात्री होती. समोरच्या घरातले आप्पा पायरीवर खुर्ची टाकून बसले होते. मुलगा सारखा विनवत होता, 'आप्पा, उठा आता, उजळाईवाडीला आत्याकडं जाऊया.' आप्पांचं उत्तर ठरलेलं, 'थांब की रं. रातीत उतरंल बघ.' रात्री वीज गेली, अंधारात पाणी एकेक पायरी चढत आलं आणि शेवटी चौघांनी आप्पांना खुर्चीसकट उचलून बाहेर काढलं. रक्तदाबाच्या गोळ्यांचा डबा फ्रीजवरच राहिला.

आप्पांना हट्टी म्हणावं, असं मला कधी वाटलं नाही. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे कधी उघडतात, ते पाणी गावापर्यंत यायला किती वेळ लागतो, हे त्यांना कुणापेक्षाही जास्त कळत होतं. पण राहतं घर सोडणं ही साधी गोष्ट नाही. मागं चोरी होईल, पाहुण्यांच्या दारात ऐन रात्री कसं जायचं, म्हशीचं काय करायचं, असे शंभर विचार असतात. अशा वेळी मन थांबण्याचं निमित्त शोधतं आणि ते त्याला मिळतंच. भर पावसात, अपुऱ्या झोपेत, घरातल्या चौघांची चार मतं असताना योग्य निर्णय होईल, ही अपेक्षाच चुकीची आहे. म्हणून तो निर्णय उन्हाळ्यात, डोकं ठिकाणावर असताना करून ठेवायचा. मला तयारीचा गाभा हाच वाटतो. बॅटरी, मेणबत्त्या, बिस्किटांचे पुडे ही पुढची गोष्ट.

याचा सुंदर नमुना आपल्याच जिल्ह्यात आहे. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरच्या नृसिंहवाडीत दर पावसाळ्यात दत्तमंदिरात पाणी शिरतं. पाणी चढू लागलं की उत्सवमूर्ती नारायणस्वामींच्या मंदिरात जाते, दर्शन आणि नित्यपूजा तिथं सुरू राहते. पादुकांना स्पर्श करून पाणी दक्षिण दारातून बाहेर पडलं की लोक दक्षिणद्वाराच्या स्नानाला गर्दी करतात. मूर्ती हलवायची का, कुठं, कुणी, यावर तिथं वाद होत नाही. नदी येणार हे गृहीत धरलेलं आहे आणि देवानं कुठं जायचं हेही ठरलेलं आहे. जे आपण देवासाठी केलं, ते घरातल्या म्हाताऱ्या माणसासाठी का करू नये?

आमच्या घरात आता कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला आहे. ३९ फूट: गाड्या उंचावर लावायच्या, पिंपं आणि कळश्या पिण्याच्या पाण्यानं भरायच्या, सगळे फोन चार्ज करायचे. ४१ फूट: सासूबाईंनी औषधांसह निघायचं, त्या वेळी ऊन पडलेलं असलं तरी. ४३ फूट: मेन स्विच बंद, सिलिंडरचा रेग्युलेटर काढून टोपी लावायची, सिलिंडर खिडकीच्या गजाला बांधायचा कारण तो पाण्यावर तरंगतो, आणि उरलेल्यांनी कुलूप लावून बाहेर पडायचं. ४१चा आकडा सासूबाईंच्या गुडघ्यांकडं बघून ठरवला. घरातल्या सर्वांत सावकाश चालणाऱ्या माणसाच्या वेगानं घराचं वेळापत्रक आखलं पाहिजे; धडधाकट माणसं केव्हाही निघू शकतात.

पाण्याची नोंद पहिल्याच पायरीवर आहे, त्याला कारण आहे. महापुरात इथं सगळ्यात आधी टंचाई झाली ती पिण्याच्या पाण्याची. नदीकाठची उपसा केंद्रंच बुडाली आणि चहूकडं पाणी असताना नळ कोरडे पडले. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेल्यामुळं पेट्रोल अत्यावश्यक वाहनांसाठी राखून ठेवावं लागलं, दुधाची वाहतूक अडली, एटीएम रिकामी झाली. ज्यांच्या घरात पुराचा थेंबही आला नाही, त्यांचीही कोंडी झाली. म्हणून उंचावर राहणाऱ्यांनाही हे विषय परके नाहीत. थोडे सुटे पैसे, आठवडाभराच्या जास्तीच्या गोळ्या आणि महत्त्वाचे फोन नंबर वहीत लिहिलेले, एवढं तरी कुठल्याही घरात असावं. फोन बंद पडल्यावर सख्ख्या बहिणीचा नंबरही आठवत नाही, हे त्या आठवड्यात कितीतरी जणांच्या लक्षात आलं.

आणखी एक गोष्ट मनाला लागून राहिली. निवारा केंद्रात बसलेले पुरुष बायकांना विचारत होते, 'रेशनकार्ड कुठाय? आईची फाईल कुठं ठेवलीस?' घराची सगळी माहिती एकाच बाईच्या डोक्यात असेल, तर ती माहेरी गेलेली असताना ते घर पूर्ण उघडं पडतं. कागदपत्रांची पिशवी कुठं आहे, कुणाला कुठली गोळी कधी द्यायची, हे घरातल्या प्रत्येकाला आलं पाहिजे, अगदी बारा वर्षांच्या मुलालासुद्धा.

या सगळ्यात एक मोठी अडचण उरते, ती जायच्या ठिकाणाची. ज्यांचे नातेवाईक उंच भागात आहेत, त्यांना ४१ फुटांचा नियम पाळता येतो. भाड्याच्या एका खोलीत राहणारं, परगावाहून आलेलं कुटुंब कुठं जाणार? निवारा केंद्रं उघडतात, पण तिथल्या स्वच्छतागृहांच्या धास्तीनं बायका शेवटपर्यंत निघत नाहीत. आमच्या गल्लीत वरच्या मजल्यांवर राहणाऱ्या दोन घरांनी यावर एक मार्ग काढला. त्यांनी खालच्या दोन कुटुंबांना मे महिन्यातच सांगून ठेवलं, '४१ फुटांला तुम्ही आमच्याकडं यायचं, विचारत बसायचं नाही.' पुराच्या रात्री आसरा मागताना माणसाची मान खाली जाते, म्हणून त्यांनी हे निमंत्रण आधीच दिलं. २०२१च्या जुलैमध्ये पाणी पुन्हा ५५ फुटांच्या वर गेलं, तेव्हा ती दोन्ही कुटुंबं उजेड असतानाच वर आली होती. पोरांची दप्तरं, शिवणयंत्र आणि पोळपाट-लाटणंसुद्धा घेऊन.